मोठी पेटी की एकात सगळं

लग्न करून मी बेलापूरच्या खाडीलगतच्या गावात आले, तेव्हा माहेरून आणलेल्या सामानात एक छोटा कीबोर्ड होता. प्लास्टिकचा, मांडीवर मावणारा. त्याची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज एकच. डोंबिवलीला शाळेत असताना मी एका बाईंकडे पियानो शिकले होते. पियानो त्यांचा, त्यांच्या घरी. आमच्या दोन खोल्यांत तो ठेवायला जागा नव्हती आणि घ्यायची ऐपतही नव्हती. मी घरी येऊन आईच्या शिवणयंत्राच्या फळीवर बोटं चालवायचे. आवाज डोक्यात ऐकायचा. त्यामुळे पियानो ही माझ्यासाठी कायम दुसऱ्याच्या घरातली वस्तू होती.

सासर हे गाण्याचं घर होतं, पण ते गाणं निराळं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणायचे, धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासूनचे सगळे विधी धवलारीण गाण्यातून चालवते. एक ओळ ती म्हणते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलतात. भटजी नंतर येतो, त्याआधी हिचा मान. आसपासच्या गावांत कुठेही लग्न ठरलं की आईंना सांगावा यायचा. नवीन शहरासाठी भातशेती गेली, मिठागर गेलं, तेव्हा माझा नवरा लहान होता. शेतावरची गाणी शेताबरोबर संपली. लग्नं मात्र होत राहिली, म्हणून धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, राहिले.

नवरा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. लग्नाआधी मी डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, तिथेच आमची ओळख झाली. मी स्टेजवर वाजवत होते आणि तो खुर्च्या मांडणाऱ्या मंडळींत होता. लग्नानंतर त्यानेच मला उरणच्या चाचांकडे नेलं.

चाचा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. उरणच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. तरुणपणी ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढचे दात गेले आणि क्लॅरिनेट सुटलं. मग त्यांनी पोरं गोळा करून ऑर्केस्ट्रा काढला. लग्नं, हळदी, गणपती, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे आम्ही जायचो. ढोलकी, गिटार, ट्रम्पेट, दोन गायक आणि कीबोर्डवर मी. बाई वाजवते म्हणून लोक सुरुवातीला स्टेजजवळ येऊन बघून जायचे. चाचा त्यांना हाताने मागे सारत म्हणायचे, "बघायचं काय त्यात? कानानी ऐका ना."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्हाला जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटचा व्यवहार झाला. गावात ज्याच्या त्याच्या दारात नवीन गाडी दिसायला लागली. घराघरांवर मजले चढले. आमच्याही घरावर मजला चढला आणि भाडेकरू आले. उरलेल्यातला एक वाटा सासूबाईंनी माझ्या नावाने बाजूला काढला. जावा, नणंदा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "हिला हिची पेटी घेऊ दे. चांगलीशी. ती पिलाष्टिकची नको."

घरात वाद्य म्हटलं की त्यांच्यासाठी ती पेटी. हार्मोनियम पेटी, माझा कीबोर्डही पेटी.

ही बातमी चाचांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी ते एसटीने आले. येताना ओले बोंबील घेऊन आले, ते आईंच्या हातात दिले आणि पडवीत बसले.

"बेटी, टेन्शनच मिटलं आपलं," ते म्हणाले. "माझा भाचा बोटीवर आहे, तुला माहीत आहे. सिंगापूरवरून येताना तो आणेल. एकच मशीन. त्यात पियानो आहे, ऑर्गन आहे, व्हायोलिनचा ताफा आहे, बासरी आहे, ढोलकीसुद्धा आहे. घरी बसून गाणं भरून ठेवायचं, स्टेजवर बटण दाबायचं. एकात सगळं."

मी विचारलं, "मग बाकीचे काय करतील, चाचा?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ते चिडले नाहीत. चाचा कधी चिडायचे नाहीत, थकायचे.

"बाकीचे आहेत कुठे, ते सांग. गिटारवाला कळंबोलीला ट्रान्सपोर्टमध्ये लागला, त्याला सुट्टी मिळत नाही. ट्रम्पेटवाल्याची पोरं म्हणतात, बाबा आता बास करा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या दिवशी मी सकाळपासून लोकांच्या दारात उभा असतो, येतोस का रे, येतोस का. मला आता ते होत नाही. मशीनला सुट्टी लागत नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मीच कितीदा ट्रम्पेटचा तुकडा माझ्या प्लास्टिकच्या कीबोर्डवर वाजवून वेळ मारून नेली होती. पण ढोलकीवाला कधी चुकला नव्हता, हेही मला त्याच वेळी आठवलं. तो आमच्याच शेजारच्या गावातला, गोरापान, बोलायला कमी. ढोलकी फडक्यात गुंडाळून सायकलवर यायचा. चाचांनी त्याचं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली. मी वाशीच्या एका शाळेत आठवड्यातून दोनदा गाणं शिकवायला जायचे. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या सोसायटीत एक म्हाताऱ्या मिस राहतात, आयुष्यभर त्यांनी पियानो शिकवला. आता मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या चालल्या आहेत. पियानो द्यायचा आहे, पण फर्निचरवाल्याला द्यायचा नाही.

मी जायचं ठरवलं, आणि आईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. दवाखाना आटपून आम्ही त्या सोसायटीत गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई प्रत्येक मजल्यावर थांबून खिडकीतून खाली बघत होत्या. मिस दार उघडून उभ्याच होत्या. सुती फ्रॉक, पांढरे कापलेले केस. घरातलं सामान बांधून झालं होतं. भिंतीला टेकून उभा असलेला पियानो तेवढा राहिला होता.

"वाजव," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

इतक्या वर्षांनी खऱ्या पियानोवर हात ठेवला तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती वजन. पट्टी दाबावी लागते. आत एक हातोडी उचलली जाते, तारेवर पडते, आणि आपलं बोट जसं पडलं तसाच तो आवाज निघतो. घाबरत दाबलं तर घाबरलेला. मी लहानपणचा एक सोपा धडा वाजवायला घेतला आणि निम्म्यात अडले. बोटांना जोरच नव्हता. एवढी वर्षं स्टेजवर वाजवून माझी बोटं आळशी झाली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

मिस वळून म्हणाल्या, "बोटांना आठवतं आहे. पण त्यांना काम दिलेलं नाहीस तू."

एवढा वेळ आई दाराजवळच्या खोक्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, माझ्याशेजारी आल्या आणि डाव्या बाजूची एक पट्टी बोटाने दाबून धरली. जाड, खालचा सूर. त्यांनी बोट उचललं नाही. आवाज बारीक होत होत गेला. खाली रस्त्यावर रिक्षा गेली, कुणीतरी हाक मारली, तरी त्या कान देऊन उभ्या. मग म्हणाल्या, "अजून हाय. अजून हाय. आता गेला."

मिसनी मला विचारलं, "त्या गातात का?"

मी म्हणाले, "हो. लग्नात."

"दिसतंच आहे," मिस म्हणाल्या, आणि त्यांनी आईंसाठी चहा टाकला.

खाली उतरताना माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. चाचांच्या त्या एका मशीनला जेवढं लागणार होतं, तेवढ्यात हा पियानो आणि एक साधा जुना सिंथेसायझर, दोन्ही येत होते. पियानो घरात राहील, बोटं सुधारतील, मुलांना नीट शिकवता येईल. सिंथेसायझर हलका, तो खांद्याला लावून कार्यक्रमाला नेता येईल. पण त्या सिंथेसायझरमध्ये ढोलकी नव्हती, गाणी भरून ठेवायची सोय नव्हती. चाचांच्या अडचणीला त्याचा काही उपयोग नव्हता.

घरी नवऱ्याचं मत स्पष्ट होतं. "एकच घे," तो म्हणाला. "दोन वस्तू म्हणजे दोन दुरुस्त्या. शिवाय पियानो इथे, खाडीच्या वाऱ्यावर? लोखंडाचे गज गंजतात आपल्याकडे."

"आणि बोटांचं काय?"

"बोटं काय, पैसे बोटांना मिळत नाहीत, प्रोग्रॅमला मिळतात." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "मी आपलं व्यवहाराचं बोललो. वाजवायचं तुला आहे."

मी ठरवू शकत नव्हते. चाचांनाही ते कळलं असावं. त्यांनी मुंबईतल्या ओळखीच्या एका वाजवणाऱ्याकडून तसंच मशीन एका कार्यक्रमापुरतं मागून आणलं. उरणच्या वाटेवरच्या एका गावात हळद होती. तिथे धवलारीण म्हणून आईंनाच बोलावलं होतं. चाचा म्हणाले, "एकदा वाजवून बघ, मग बोल."

दुपारीच आम्ही मांडवात पोचलो. मशीन काळं, लांब, बटणांनी भरलेलं. मी दोन तास त्याच्याशी झटापट केली, आणि खरं सांगायचं तर हरखून गेले. एका बटणावर व्हायोलिनचा ताफा. दुसऱ्यावर बासरी, फुंकेतली हवासुद्धा ऐकू येणारी. पट्ट्या दोन भागांत वाटता येत होत्या, डाव्या हाताला बेस, उजव्याला पियानो. पियानोचा आवाजही चांगलाच होता. पट्टी हलकी होती, हातोडी नव्हती, पण मांडवात बसलेल्या कुणाला ते कळणार होतं? मी एकटी वाजवत होते आणि दहा माणसं वाजवत असल्यासारखं वाटत होतं. असा जोर माझ्या हातात पूर्वी कधी आला नव्हता.

ढोलकीवाला आला, सायकल लावली, ढोलकी सोडली. चाचा त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मग तो स्टेजच्या कडेला बसला. मी मशीनमधली ढोलकी चालू केली. ती तालात पक्की होती, कधी पुढे नाही, कधी मागे नाही. त्याने थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाला, "वहिनी, चांगली वाजते." तो टोमणा मारत नव्हता. तो खरंच ऐकत होता. मग त्याने ढोलकी परत फडक्यात गुंडाळायला घेतली. गाठ बांधताना त्याचे हात हळू चालत होते. मी मान वळवून बटणांकडे बघायला लागले.

संध्याकाळी हळदीचा विधी सुरू झाला. आई पाटासमोर बसल्या, भोवती गावातल्या बायका. त्यांनी पहिला धवला उचलला. चाचांनी मला खूण केली, साथ दे.

आईंचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नसे. काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी त्यांचा सा होता. म्हणून आजवर मी कधी त्यांच्याबरोबर वाजवलं नव्हतं, वाजवलं असतं तर बेसूर झालं असतं. पण या मशीनमध्ये सगळी पट्टी थोडी वरखाली सरकवायची सोय होती. मी बटण फिरवत फिरवत सूर शोधला आणि एका क्षणी तो मिळाला. अगदी नेमका. व्हायोलिनचा मंद आवाज मी त्यांच्या सुराखाली सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आणि आई एका सुरात होतो.

आईंनी एकदाच वळून स्टेजकडे बघितलं आणि गात राहिल्या. त्यांची ओळ संपली. मागच्या बायकांनी ती उचलायची होती. पण स्पीकरमधून ताफा वाजत होता, आवाज मोठा होता, छान होता, आणि बायका ऐकत बसल्या. दोघी-तिघींनी ओळ धरली आणि सोडली. कुणीतरी आपल्या पोरीला जवळ घेऊन म्हणाली, "ऐक." आईंनी दुसरी ओळ म्हटली. पुन्हा तेच. मग तिसऱ्या ओळीपासून त्या एकट्याच गायला लागल्या, ओळही त्यांची आणि उत्तरही त्यांचंच. विधी पार पडला. नवरीच्या बापाने चाचांची पाठ थोपटली, असं धवल्याला म्युझिक कधी ऐकलं नव्हतं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या दारी कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मला वाटत होतं, त्या सुराबद्दल काहीतरी बोलतील.

"काल सूर मिळाला ना, आई?" मीच विचारलं.

"मिलाला," त्या म्हणाल्या. "बरोबर मिलाला. तुजा कान चांगला हाय."

त्या थोडा वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन बायका गप झाल्या, पोरी. मी दम कवा घ्यायचा? त्या म्हनतात तवा मी दम घेते. काल मना दमच नाय घेता आला."

मला हे सुचलंच नव्हतं. मी त्यांचा सूर शोधण्यात इतकी गुंतले होते की बायका थांबल्यात हे मला दिसलं होतं, पण त्यामुळे आईंना काय होत होतं ते कळलं नव्हतं.

"मग ते मशीन नको घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. "मी कुटं तसा बोलले? माजा माज्या गान्याचा सांगितला. पेटी तुला घ्यायची हाय. तू तुजा बग."

त्यांनी माझ्यासाठी ठरवून दिलं असतं तर सोपं झालं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मी तो आठवडा विचार करत काढला. मशीनवर वाजवताना आलेला तो जोर मला हवा होता, हे मी स्वतःपासून लपवलं नाही. पण तो जोर इतरांच्या जागा भरून आलेला होता. पियानोवर मी निम्म्या धड्यात अडले होते, आणि तिथून पुढे जायची इच्छा मला रोज सकाळी उठल्या उठल्या होत होती. ऑर्केस्ट्रा आज आहे, उद्या नसेल. माझी बोटं मात्र माझ्याबरोबर म्हातारी होणार होती. त्यांना काम द्यायचं असेल तर आत्ताच. शेवटी मी त्या बोटांसाठी ठरवलं. ढोलकीवाल्यासाठी किंवा आईंसाठी ठरवलं असं म्हटलं तर ते ऐकायला चांगलं वाटेल, पण तसं झालं नाही.

मी उरणला जाऊन चाचांना सांगितलं. ते घराजवळच्या एका दुकानाच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पियानो घरात, आणि आमच्यासाठी हलकंफुलकं," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी मी आहेच की, चाचा."

"तू आहेस. पण मला मशीन लागेल, बेटी. मी घेईन. आणि मशीन घेतलं तर ते रोज वाजवणारा माणूस लागेल." त्यांनी माझ्यासाठी सोडा मागवला. "राग नाही ना?"

"नाही."

"मला थोडा आहे," ते हसत म्हणाले, "पण जाईल."

पियानो आणायला नवऱ्याने मार्केटमधले चार माथाडी बोलावले. रोज कांद्याची पोती पाठीवर घेणारी माणसं. त्यांनी पियानोभोवती दोर टाकले, खाली गोणपाट घातलं आणि तीन मजले उतरवला. प्रत्येक वळणावर आतल्या तारा गुणगुणल्या. मिस वरून कठड्यावरून बघत होत्या. टेम्पो निघताना त्यांनी हात केला नाही, नुसत्या बघत राहिल्या, मग आत गेल्या. मी टेम्पोच्या मागच्या बाजूला पियानोला धरून उभी होते आणि मला एवढं रडू येत होतं की वाटेत माथाडी विचारायला लागले, "ताई, काय तुटलं का?"

नवऱ्याचं भाकीत पहिल्याच वर्षी खरं ठरलं. खाडीच्या दमट हवेत लाकूड फुगलं, मधल्या दोन पट्ट्या खाली गेल्या की वर यायच्या नाहीत. मुंबईहून ट्यूनर आला. त्याने आतमध्ये एक कमी ताकदीचा बल्ब लावून दिला, ऊब राहायला, आणि तारा तपासून सांगितलं की त्या जुन्या आहेत, पूर्ण ताणल्या तर तुटतील, थोड्या उतरलेल्याच ठेवू. म्हणजे माझा पियानो जगातल्या बाकी सगळ्या वाद्यांपेक्षा जरा खाली वाजणार. विकत आणलेला सिंथेसायझर त्याच्याबरोबर वाजवायचा तर त्याचाही सूर उतरवावा लागायचा. दोन वाद्यं घेऊन दोन्ही एकत्र वाजवायचं माझं स्वप्न होतं, ते असं जरा लंगडतच चाललं.

ऑर्केस्ट्राचं काम हळूहळू गेलं. चाचांचं मशीन आलं, ते वाजवायला पनवेलचा एक मुलगा मिळाला, चांगला वाजवायचा. चाचांचं नाव झालं. अलिबागपर्यंत बोलावणी जायला लागली. मला अधूनमधून निरोप यायचा, मी सिंथेसायझर घेऊन जायचे, दुसऱ्या ओळीत उभी राहायचे. वाईट वाटायचं. एकदा एका हळदीला माझ्या नेहमीच्या जागेवर त्या मुलाला बघून मी साथ करता करता एक अख्खं कडवं विसरले. ढोलकीवाला उरणच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला लागला. पगार नियमित होता, तो खूश होता. गावातल्या हळदीला मात्र तो अजूनही यायचा, आणि आईंच्या समोर तोच बसायचा.

घरी शिकायला मुली यायला लागल्या. आधी शाळेतल्या, मग गावातल्या. माझ्या दोन्ही वाद्यांपैकी मुलींना सिंथेसायझर जास्त आवडायचा, कारण त्यात बटणं होती. मी त्यांना आधी पियानोवर बसवायचे. पियानोवर एका वेळी एकच बसणार. बाकीच्या स्वयंपाकघरात आईंच्या तावडीत सापडायच्या. आई त्यांना भाजी निवडायला लावायच्या आणि निवडता निवडता गात राहायच्या. मी बाहेरून ओरडायचे, "आई, जरा हळू, हिचा ताल चुकतोय." त्या आतून म्हणायच्या, "तिला सांग, कानात बोटा घाल."

बोटांबद्दल सांगायचं तर ती सुधारली. फार नाही. लहानपणच्या त्या बाईंनी मला जे शेवटचं शिकवायला घेतलं होतं आणि अर्धवट राहिलं होतं, ते मी दोन पावसाळे घालवून पुरं केलं. ऐकायला कुणी नव्हतं. दुपारची वेळ होती, वरचे भाडेकरू कामावर गेले होते. शेवटचा सूर मी दाबून धरला आणि तो संपेपर्यंत बसून राहिले. त्या दिवसापासून मशीन न घेतल्याची रुखरुख गेली. थोडी उरली असेल, पण तिचा त्रास राहिला नाही.

दशक संपता संपता चाचांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. ते स्वतः आमंत्रण घेऊन आले, पुन्हा पडवीत त्याच कोपऱ्यात बसले. आता चष्मा लागला होता.

"एक काम आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी तू वाजवायचंस. माझ्या मशीनवर. तो मुलगा चांगला आहे, पण घरच्या लग्नात घरचं माणूस हवं."

"मला ती बटणं आठवणार नाहीत, चाचा."

"मी बाजूला उभा राहीन. मला सगळी पाठ आहेत."

आम्ही सगळेच उरणला गेलो. मांडवात माणसं मावत नव्हती. चाचा खरंच माझ्या शेजारी उभे राहिले, शेरवानी घालून. मी मान हलवली की ते बटण दाबायचे. व्हायोलिन, बासरी, पुन्हा व्हायोलिन. मशीनची ढोलकी त्यांनी बंद ठेवली होती, कारण ढोलकीवालाही आला होता, यार्डातून सुट्टी काढून. पियानोवर कमावलेला जोर त्या हलक्या पट्ट्यांवर मला आवरावा लागत होता. सुरुवातीची दोन गाणी मी जास्तच दाबून वाजवली. मग हात बसला. तासाभरात मी त्या मशीनवर अशी रमले की चाचांनीच थांबवलं, "बेटी, जेवून घे, लोक काय म्हणतील, पाहुणीला राबवतो."

एका गाण्याच्या मध्ये मी सहज क्लॅरिनेटचं बटण शोधत होते. चाचांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "ते नको," एवढंच म्हणाले. मी बासरी लावली. एवढी वर्षं त्यांच्या मशीनमध्ये ते बटण होतं आणि ते त्यांनी कुणाला वाजवू दिलं नव्हतं, हे मला त्या मुलाने नंतर सांगितलं.

परत येताना नवऱ्याने मित्राची जीप चालवायला घेतली होती. मी आणि आई मागे. त्यांच्या ओटीत चाचांच्या बायकोने दिलेले लाडू होते.

"चांगली वाजवलीस आज," आई म्हणाल्या.

"मोठ्या पेटीपेक्षा?"

"ती घरात वाजते, ही मांडवात." त्या लाडवाची पुडी सोडायला लागल्या. "तुला दोनी येतात. मग कसला इचार करतेस?"

मी काही विचार करत नव्हते. माझी मनगटं दुखत होती आणि मला भूक लागली होती, कारण एवढं सांगूनही मी जेवायचं तसंच टाळलं होतं. त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला, एक पुढे नवऱ्याला दिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनरच्या रांगा होत्या, आणि पुढे खाडीवरचा वारा जीपमध्ये यायला लागला.